मंद्रूपच्या पुढं जेवायचं कुठं

आमच्या शेतघरी राहायला कुणी निघालं की आधी मला फोन येतो, आणि त्यात घराबद्दल फारसं काही विचारलेलं नसतं. खाटा किती, पंखा आहे का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पण मालती, तिकडं जेवायचं कुठं? दूध, भाजी, काडेपेटी, काही मिळतं का?"

मग मी सांगते. भाजी मंद्रूपला घ्या. बाजाराचा दिवस असला तर उत्तमच, मेथीच्या जुड्या अजून ओल्या असतात. मंद्रूप सुटलं की रस्ता बारीक होत जातो आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी जवळ येते. कालव्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला वस्ती लागेल. तिच्या तोंडाशी लिंबाखाली निळ्या दाराचं दुकान आहे, ते सुंदरम्मांचं. चहापूड, साखर, साबण, मेणबत्ती, शेंगदाणे, सगळं तिथं मिळतं. दूधही तिथंच सांगून ठेवायचं. आणि दुकानाच्या मागं धूर दिसला तर आमच्या घरात स्वयंपाक करायच्या भानगडीत पडू नका. तिथं गोजाबाई असतात. जाऊन बसायचं.

"आणि धूर दिसला नाही तर?"

"तर सुंदरम्मांना विचारा, गोजाबाई कधी येणार म्हणून."

आमचं शेतघर म्हणजे फार काही नाही. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं शहाबादी फरशीचा ओटा. मी सोलापुरात शाळेत शिकवत होते, एकनाथ कचेरीत होते. दोघंही निवृत्त झालो तेव्हा त्यांनी हट्टानं हा जमिनीचा तुकडा घेतला, कारण खाली पाझर तलाव आहे आणि थंडीत त्यावर लांबलांबचे पक्षी उतरतात. सकाळी तलावावर धुकं असतं. पाणी कुठं संपलं आणि काळं रान कुठं सुरू झालं ते कळत नाही. पक्षी दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. ओट्यावर बसून ते ऐकत राहिलं की आपण जागे आहोत की अजून झोपेतच, याचा मला भरवसा वाटत नाही. एकनाथांना हेच आवडतं. मला मात्र पहिल्यांदा काळजी पडली होती, की इतक्या गप्प जागी माणसानं खायचं काय.

आम्ही पहिल्यांदा राहायला गेलो तो पौष होता. तांदूळ, डाळ, तेल, तिखट असं सगळं बांधून नेलं. गॅसची टाकीही नेली. तिचा रेग्युलेटर मात्र सोलापुरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिला. एकनाथ दुर्बीण घेऊन ओट्यावर बसले. दुपार तशीच शेंगदाण्यांवर गेली. उन्हं कलल्यावर मी त्यांना उठवलं आणि आम्ही वस्तीकडे चालत निघालो.

दुकानात सुंदरम्मा बसल्या होत्या. कपाळाला विभूती, अंगावर जुनं इरकल, आणि साखरेच्या पोत्यावर त्यांचं मांजर पसरलेलं. "बर्री, कूडरी," असं म्हणत त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. मराठी त्यांनी गिऱ्हाइकांकडून उचललेली, त्यामुळं तिच्यात चार ठिकाणचे हेल आहेत. मी आमची फजिती सांगितली. त्यांनी बरणीतून बिस्किटाचा पुडा काढला, आमच्याकडं नीट पाहिलं, आणि पुडा परत बरणीत टाकला.

"बिस्किटानं काय होतंय? मागं जावा. गोजक्का आहे."

मागं परसात तीन दगडांची चूल होती. एक बाई घोंगड्याच्या घडीवर बसली होती, डावा पाय लांब पसरून, काटवटीत भाकरी थापत. वय साठीच्या आसपास असेल. गालावर आणि हनुवटीवर गोंदण, चेहरा उन्हानं तांब्यासारखा झालेला. आम्हाला पाहून त्यांचा हात थांबला नाही.

"दोगंच हाय न्हवं? बसा की. पीठ मळल्यालं हाय."

"तुम्ही खानावळ चालवता का?" मी विचारलं.

"न्हाय वो," गोजाबाई म्हणाल्या. "ह्यो पाय बरा व्हायची वाट बगती. रिकामं बसून काय करू, म्हून भाकऱ्या करती. सुंदराक्का खाती, मांजर खातं. आता तुमी खावा."

तव्यावरून निघालेली भाकरी त्यांनी निखाऱ्यापाशी उभी केली. ती हळूहळू फुगली, तोंड सुटल्यासारखी वाफ सोडून पुन्हा बसली. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होती, वरवंट्यानं कुटलेली शेंगाची चटणी होती, बुक्कीनं फोडलेला कांदा होता. एकनाथ जेवताना कधी बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी दोनदा "अजून" म्हटलं. समोर ज्वारीचं रान होतं, त्यावर संध्याकाळचा पिवळा उजेड पसरला होता, आणि आपण फार पूर्वी कधीतरी इथं येऊन गेलोय असं मला उगाचच वाटत राहिलं.

निघताना मी विचारलं, तुम्हाला काय देऊ? त्यांनी विचार केला. "सकाळच्याला येताना च्यापूड आना. आमची सपली हाय. च्या पिऊनच जावा."

त्या मुक्कामात आम्ही दोन्ही वेळा तिथंच जेवलो. तसतशी त्यांची हकीकत मला कळत गेली.

गोजाबाई सांगोल्याकडच्या धनगर. पावसाळा संपला, दिवाळी झाली की त्यांच्या वाडीतली माणसं मेंढरं घेऊन पूर्वेकडं निघतात आणि भीमेच्या काठाकाठानं जातात. ऊस तुटलेली रानं, ज्वारी निघालेली रानं, जिथं शेतकरी मेंढरं बसवून घेईल तिथं मुक्काम. मृग जवळ आला की माघारी. पुरुष मेंढरांमागं हिंडतात आणि बायका बिऱ्हाड घेऊन पुढं जातात. बिऱ्हाड म्हणजे घोड्यांच्या पाठीवर बांधलेला संसार. तवा, पातेली, घोंगडी, कोंबड्या, लहान लेकरं, चालता न येणारी कोकरं. पुरुष संध्याकाळी नव्या तळावर पोचतात तेव्हा बायकोनं तिथं चूल मांडून भाकऱ्या टाकलेल्या असतात. गोजाबाईंची आई असंच करायची, आणि गोजाबाईंनी लग्न झाल्यापासून हेच केलं. त्यांचा मुलगा शहाजी अशाच एका तळावर, नदीकाठच्या वडाखाली जन्मला, आणि त्याच्या आंघोळीचं पाणी त्यांच्या नवऱ्यानं, श्रीमंतांनी, तापवलं.

त्या साली वाटेनं चाललेलं बिऱ्हाड कालव्याच्या पुलापाशी आलं, आणि समोरून ट्रॅक्टर आला तसं घोडं बुजलं. गोजाबाई पडल्या. नडगीचं हाड मोडलं. मंद्रूपच्या डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं आणि सांगितलं की पाय जमिनीला लावायचा नाही. पण मेंढरं थांबत नाहीत. जिथला चारा संपला तिथून त्यांना पुढं न्यावंच लागतं. सगळं खटलं रस्त्यावर खोळंबलं होतं, श्रीमंत काठीवर हनुवटी टेकून उभे होते, आणि काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या सुंदरम्मा हे सगळं बघत होत्या. ओळख ना पाळख.

"माझी मागची खोली मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "आत पोती आहेत, ती सारते."

श्रीमंतांनी एक तवा, एक पातेलं आणि दोन घोंगडी उतरवली. जाताना ते बायकोला एवढंच म्हणाले, "पाय टेकला की न्याला येतो."

"पयले दिस लई वंगाळ गेलं," गोजाबाईंनी मला सांगितलं. "भिताडाची सवं न्हाय. डोळं मिटलं की खोली चालाय लागायची, बाई. घोड्यावर बसल्यावानी. मी भिताडाला हात लावायची, तर भिताड उबं. पुन्यांदा डोळं मिटलं की पुन्यांदा चालाय लागायची."

"मग?"

"मग सुंदराक्कानं खाट भायर घातली. भायर पडल्यावर वरचं सगळं चालतंय, चांदन्या चालत्यात. मंग मी थांबले तर चाललं."

त्यांच्या हातांना मात्र थांबणं जमलं नाही. पहाटे डोळा उघडायच्या आधीच ते हात दोर सोडायला निघायचे. कधी घोंगड्याची कड, कधी खाटेचा सुंभ, जे सापडेल ते सोडत राहायचे. खरी जाग यायची ती सुंदरम्मांनी चहाची कपबशी हातात दिल्यावर.

सुंदरम्मांचं आयुष्य याच्या अगदी उलट. त्या अक्कलकोटाकडून लग्न होऊन या वस्तीवर आल्या आणि दुकानात बसल्या. नवरा गेल्यावरही दुकानात बसल्या. माहेर आता उरलेलं नाही. माल मंद्रूपहून टेम्पोनं दारात येतो, त्यामुळं तेवढंही जाणं नाही. निळ्या दारातून जेवढा रस्ता दिसतो तेवढाच त्यांनी पाहिलेला. पलीकडून येणारं येतं, साबण घेतं, आणि अलीकडून निघून जातं.

दुपारी दुकानाकडं कुणी फिरकत नाही. त्या वेळी दोघी परसात लिंबाच्या सावलीत बसायच्या. सुंदरम्मा शेंगा फोडायच्या आणि विचारायच्या, "मुंद?" म्हणजे, पुढं काय. मग गोजाबाई वाट सांगायला लागायच्या. कसलीही घाई नसलेली, चालत्या माणसाची वाट. हितनं निगालं की काळं रान, मग वढा, वढ्यात झरा, झऱ्याचं पानी ग्वाड, त्यात डाळ लवकर शिजती. म्होरं नदी. नदीच्या अंगाला चिंच, चिंचंखाली गुंडा कोळी. त्यो मासं द्यायचा. आमी खात न्हाय म्हनायचो, तरी द्यायचा. नदी उतरलं की गुऱ्हाळ, तितं कायलीची खरवड मिळती, लेकरं हातावर घेऊन चाटत्यात. म्होरं एक म्हातारी व्हती, तिच्या दारात मीट मागितलं की मिठासंगं ताकबी यायचं...

गावांची नावं गोजाबाईंच्या बोलण्यात कमीच यायची. त्यांच्या मनातला मुलूख वेगळ्याच खुणांनी भरलेला होता, कुठं काय शिजवलं आणि कुणी काय हातावर ठेवलं अशा. ऐकता ऐकता माझेही डोळे जड व्हायचे. एका दुपारी मला वाटलं सुंदरम्मा झोपल्या. मी गोजाबाईंना खूण केली, त्या थांबल्या. तशी सुंदरम्मा डोळे न उघडता म्हणाल्या, "नदी उतरलो. मुंद?"

त्या 'उतरलो'वर गोजाबाई माझ्याकडं बघून हसल्या, आणि त्यांनी पुढं सांगायला घेतलं.

माघात आमची भाची उत्कर्षा मैत्रिणींना घेऊन शेतघरी गेली. मी तिला सुंदरम्मांच्या मागच्या परसाबद्दल सांगून ठेवलं होतं. पोरींनी तिथं आगटीत भाजलेला हुरडा खाल्ला, संध्याकाळी हुलग्याचं माडगं प्यायल्या, आणि परत येऊन सगळ्या सोलापूरला सांगितलं. मग एकनाथांच्या कचेरीतले लोक गेले. तलावावर पक्षी बघायला येणारे गेले. सुंदरम्मांनी परसात चटया घातल्या, पाण्याचा रांजण भरून ठेवला, आणि पानं वाढताना मदतीला त्या स्वतः उभ्या राहू लागल्या. पाटी नाही, नाव नाही. जे चुलीवर असेल ते खायचं.

गोजाबाईंना याची गंमत वाटायची. "आजवर मी हिंडून लोकांच्या दारात जायाची," त्या म्हणायच्या. "आता लोकं हिंडून माज्याकडं येत्यात. माजं बूड हितंच."

श्रीमंत मधे एकदा येऊन गेले, पण पाय अजून टेकत नव्हता. ते पुन्हा आले ते थेट ज्येष्ठात, माघारीच्या वाटेवर. त्या दिवशी आम्ही तिथंच होतो. ऊन असं होतं की रस्ता वितळून थरथरल्यासारखा दिसत होता, आणि त्या थरथरीत लांब काहीतरी भुरकं हलायला लागलं. मला ती वावटळ वाटली. गोजाबाई परसातून उठून पुढं आल्या, आणि काठी न घेता लिंबाखाली उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं घंटा ऐकू आल्या.

श्रीमंत मेंढरं शहाजीवर सोडून एकटेच पुढं आले. उंच, वाळलेले, लाल पटका बांधलेले. पाय धुऊन ते चटईवर बसले, पाव्हण्यासारखे, कडेला. गोजाबाईंनी ताट वाढलं. ते मान खाली घालून जेवू लागले, आणि अर्ध्या भाकरीवर थांबले.

"काय झालं?" गोजाबाईंनी विचारलं. "मीट कमी हाय?"

"न्हाय."

"मग?"

श्रीमंतांनी हातातला घास ताटात ठेवला. "लगीन झाल्यापास्नं तू बिराडासंगं," ते म्हणाले. "मी जाईन तितं तू आदीच पोचल्याली. चूल माज्या म्होरं चालायची. आज लांबनं धूर दिसला आन् मनात आलं, घरला चाललोय. असं कदी वाटलं न्हवतं, गोजे. हे आजच कळलं."

गोजाबाईंनी आणखी एक भाकरी त्यांच्या ताटात ठेवली आणि त्यांचं जेवण संपेपर्यंत तिथंच बसून राहिल्या. एकनाथ उगाचच चष्मा पुसत होते.

दुसऱ्या सकाळी गोजाबाई गेल्या. त्या जाणारच होत्या, पाय बरा झाला होता आणि नवरा न्यायला आला होता. तवा आणि पातेलं घोड्यावर चढलं. सुंदरम्मांनी शेंगाच्या चटणीचा डबा पदरातून काढून त्यांच्या हातात दिला. "होगि बर्री, अक्का," त्या म्हणाल्या. जाऊन या. आम्ही कुणी बाहेर पडलं की म्हणतो तसंच, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. बिऱ्हाड वळणावरून दिसेनासं झालं तरी त्या दारात उभ्या होत्या.

पावसाळ्यात आमच्या शेतघरी फारसं कुणी जात नाही. आम्ही दोघं गेलो तर घरीच गॅसवर खिचडी करायचो. रेग्युलेटर आता तिथंच ठेवलेला असतो. सुंदरम्मांकडं दूध आणायला गेलं की त्या कुठंतरी दुसरीकडंच असायच्या. एकदा मी साखर मागितली तर त्यांनी मीठ बांधून दिलं. मी परत करायला गेले, तेव्हा त्यांनी पुडा न घेताच विचारलं, "बाई, गुऱ्हाळ आधी येतं की म्हातारीचं घर?"

मला आठवेना. आम्ही दोघी विचार करत उभ्या राहिलो. बाहेर ढग तलावावर इतके खाली आले होते की पलीकडचा काठ पुसून गेला होता.

दिवाळीनंतर रस्त्यानं मेंढरं जायला लागली. सुंदरम्मा प्रत्येक बिऱ्हाडाला दारात येऊन बघायच्या आणि आत जाऊन बसायच्या. गोजाबाई येतील असं कुणीही त्यांना सांगितलेलं नव्हतं. आल्या तरी वाटेनं पुढं जातील, थांबतील कशाला, असं मलाही वाटायचं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी एकनाथ आणि मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. धुकं दाट होतं. पक्ष्यांच्या आवाजात एक वेगळा आवाज मिसळला, बारीक घंटांचा. मग धुक्यातूनच एक मेंढी निघाली, तिच्या मागं दुसरी, आणि बघता बघता आमच्या ओट्याच्या दोन्ही बाजूंनी मेंढरं पाण्याकडं उतरायला लागली, जणू धुकंच अंग धरून चाललं होतं. घर त्यांच्यामधून उलट्या दिशेनं सरकतंय असा मला भास झाला. मी फरशीवर हात टेकवला.

घोड्यांच्या पुढं गोजाबाई चालत होत्या. जराशा लंगडत, पण आपल्या पायांनी.

"बाई, सुंदराक्का बरी हाय न्हवं?" एवढं विचारून त्या थेट वस्तीकडं गेल्या.

काय ठरलं ते मला त्यांची सून सुकन्या पाणी भरताना सांगत होती. गावी असतानाच सासूनं विषय काढला. "औंदा मला सुंदराक्काकडं उतरवा. तुमी नदीकडं जावा. माघारी येताना न्या." शहाजी चिडला. लोक म्हणतील म्हातारीला वाटंत टाकली. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी श्रीमंत म्हणाले, "कुनी टाकत न्हाय. आपुन यायाचं तितं ती आसंल. मला बी यायाला जागा नगं का?"

"आन् बिराड?" मी सुकन्याला विचारलं.

तिनं घागर कडेवर घेतली. "म्होरल्या घोड्याची दोरी आत्यांनी माज्या हातात दिली," ती म्हणाली. मान ताठ ठेवून ती चढ चढून गेली.

तेव्हापासून दर साली असंच चाललं आहे. मार्गशीर्षात बिऱ्हाड येतं, गोजाबाई उतरतात, ज्येष्ठात जातात. मधे श्रीमंत जमेल तसं कुणाच्या तरी दुधाच्या गाडीवर बसून येतात, जेवतात, लिंबाखाली आडवे होतात आणि संध्याकाळच्या आत मेंढरांकडं परततात. त्यांचं ताट अजूनही आमच्यासारख्या पाव्हण्यांच्या ओळीतच असतं. फक्त त्यांना वाढून झाल्यावर गोजाबाई तिथून हलत नाहीत.

गेल्या थंडीत एक नवल झालं. मेंढरं दोन दिवस तलावापाशी बसली होती आणि तिसऱ्या सकाळी निघायची होती. गोजाबाई भाकरी थापता थापता सहज म्हणाल्या, "सुंदराक्का, तू जाऊन ये की सुकन्यासंगं. एकदा बगून ये. दुकान मी बगती."

सुंदरम्मा हसल्या. आम्हीही हसलो. पण सकाळी बिऱ्हाड दुकानासमोर आलं तेव्हा त्या दारात तयार होत्या. हातात बोचकं, पायात नव्या चपला, केस घट्ट बांधलेले. शहाजी बघतच राहिला. सुकन्यानं एका घोड्यावरची पातेली दुसऱ्यावर चढवली आणि मोकळ्या पाठीवर घोंगडं घातलं.

"बसा, मावशी."

"चालते मी," सुंदरम्मा म्हणाल्या. "पुलापर्यंत तरी."

त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं. दारात गोजाबाई बसल्या होत्या, पाय लांब करून, मांडीवर मांजर. मग सुंदरम्मा वळल्या आणि घोड्यांबरोबर चालायला लागल्या. धुकं अजून उठलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांचा पदर तेवढा दिसत होता, मग तोही दिसेना.

त्या दिवसांत दुकान कसं चाललं ते विचारू नका. कुठली वस्तू कुठं आहे हे गोजाबाईंना माहीत नव्हतं आणि भाव तर मुळीच माहीत नव्हता. गिऱ्हाईक आत येऊन हवं ते स्वतःच शोधायचं, काय घेतलं ते त्यांना मोठ्यानं सांगायचं, आणि भाकरी खाऊनच जायचं. एकनाथ सकाळी तलावावर जायचं सोडून दूध मोजून द्यायला बसले. मी परसात भाजी निवडली. शाळेत इतकी वर्षं शिकवूनही माझ्या हातचं कुणी इतक्या खुशीत काही घेतलं नव्हतं.

सुंदरम्मा परतल्या त्या शहाजीच्या मोटारसायकलवरून, दुपारच्या उन्हात. चेहरा रापलेला, चपला हातात. त्या दुकानात गेल्या नाहीत, सरळ परसात आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. गोजाबाईंनी कोमट तेल आणून त्यांच्या तळपायांना लावायला घेतलं.

"लई दुकत्यात?"

"लई," सुंदरम्मा म्हणाल्या, अगदी गोजाबाईंच्या हेलात. मग थोड्या वेळानं, डोळे मिटत, "अक्का, तू एक सांगितलं नव्हतंस. पहाटे मेंढरांना टेकून बसलं की ती किती ऊबदार असतात. वरून दंव पडलेलं, लोकर ओली, आणि आत हात घातला की चूल."

गोजाबाईंचा हात जरा थांबला. "व्हय," त्या म्हणाल्या. "ते सांगायचं ऱ्हायलं."

सुंदरम्मा बसल्या जागी झोपल्या. हातातल्या चपला निसटून खाली पडल्या तरी त्यांना जाग आली नाही. गोजाबाईंनी त्यांच्या अंगावर घोंगडं ओढलं आणि आम्हाला हळू आवाजात सांगितलं, काय पायजे ते आतनं घ्या, आवाज करू नगासा.

आम्ही दुकानातून उद्यासाठी साखर आणि एक काडेपेटी घेतली. परतताना ज्वारीत वारा नव्हता. तलावावर पक्ष्यांचा एक थवा उतरत होता, एकामागून एक, पाणी न हलवता. एकनाथ दुर्बीण गळ्यात तशीच ठेवून उभे राहिले आणि नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले.